सासऱ्यापुढे सांगता येईल असं नाव

बाई समोरच्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. पुढे होऊन अंगठ्याने त्याच्या डोळ्याखालची कातडी खाली ओढायच्या, आतला रंग बघायच्या आणि मग "या, बसा" म्हणायच्या. भोरच्या शाळेत नोकरीला लागले तेव्हा ट्रंक आणि वळकटी घेऊन मी त्यांच्या दारात खोली बघायला उभी राहिले, तर माझंही तेच झालं. भाडं किती, पाणी कधी येतं, काही बोलणं नाही. डोळा ओढला आणि म्हणाल्या, "रगत न्हाई अंगात. पोरींना शिकवनार कशा? अळीव खात जा." त्यावरून खोली मिळाली असं मी धरून चालले, आणि ते बरोबर निघालं.

ही तपासणी गावात कुणालाच चुकली नव्हती. एसटीच्या कंडक्टरचा डोळा बाई तिकीट घेता घेता ओढत. आमचे हेडमास्तर त्यांच्या तावडीत झेंडावंदनाला सापडले, भर मैदानात, झेंडा अजून वर जायचा होता. बाईंनी त्यांना बकऱ्याची कलेजी खायला सांगितली. हेडमास्तर सोवळ्यातले. त्यानंतर बाईंचं घर टाळण्यासाठी ते लांबच्या रस्त्याने शाळेत यायला लागले, आणि चालणं वाढल्यामुळे त्यांची तब्येत सुधारली असं बाईंचं म्हणणं होतं.

दुसरा नाद उकळण्याचा. पाणी सगळेच उकळतात. बाई फण्या उकळत, चमचे उकळत, बाजारातून आणलेल्या बांगड्या उकळत. मी आंघोळीला गेले असताना त्यांनी माझ्या घड्याळाचा पट्टा उकळला. तो इतका आखडला की शेवटी माझ्या भाचीला दिला. मी कुरकुर केली तर म्हणाल्या, पट्टा गेला, पण जंतूही गेले की. नवऱ्याबद्दल मी त्यांना एकदाच विचारलं. लग्न झालं होतं आणि टिकलं नाही, एवढं मला दवाखान्यातल्या बायकांकडून कळलं होतं. बाई दुधाचं पातेलं उतरवत होत्या. म्हणाल्या, "आसंल कुठंतरी. उकळून पानी पीत आसला म्हंजे झालं." त्यात राग नव्हता आणि चेष्टाही नव्हती. त्या माणसाबद्दल त्यांना खरोखर तेवढीच काळजी उरली होती.

सरकारी दवाखान्यातल्या नर्सच्या नोकरीतून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. अर्धी नोकरी वेल्ह्याच्या खोऱ्यात गेली. तिकडे तेव्हा सडक संपली की पुढे आपले पाय. डोंगर चढून वाडीवर जायचं, बाळंतपण करायचं, उतरायचं आणि दुसऱ्या डोंगराला लागायचं. निवृत्त झाल्यावरही पांढरी साडी त्यांनी सोडली नाही. या रंगावर घाण लपत नाही, म्हणून तो आपल्याला आवडतो, असं सांगायच्या.

आणि आडपडदा म्हणून काही त्यांना ठाऊक नव्हता. शरीराच्या कुठल्याही भागाचं आणि कुठल्याही दुखण्याचं नाव त्या मंडईत कोथिंबिरीचं घ्यावं तसं घेत. "नाव घ्यायला लाजलं की दुखनं मुक्कामाला ऱ्हातं," हे त्यांचं पालुपद. एकदा मी त्यांना आमच्या मोठ्या मुलींपुढे बोलायला बोलावलं. बाई बोलल्या. मुलींनी माना खाली घातल्या, आम्ही शिक्षिकांनी भिंतीवरचे नकाशे पाहिले. पुढच्या वर्षी त्या तासाला हेडमास्तरांनी वृक्षारोपण ठेवलं.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण भोरात त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सगळ्यांच्या त्या बाई. शाळेत मुली मलाही बाईच म्हणत, म्हणून गोंधळ नको, तर त्या मला मास्तरीणबाई म्हणायच्या. बाई बौद्ध. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे उदबत्तीचं घर, तेही आठवड्याला उकळलेलं. मी कुठे राहते हे नातेवाइकांना सांगताना माझ्या आईने घरमालकीण नर्स आहे एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं. आईला जेवढं सांगता येत होतं तेवढं तिने सांगितलं. बाईंना मी हे बोलून दाखवलं तेव्हा वाटलं, आता दुखावतील. पण त्या हसल्या. म्हणाल्या, नर्स म्हटल्यावर मला सगळी घरं उघडी होती, फक्त मागच्या दाराने.

मग कधी कधी भाकरी थापता थापता त्या सांगायच्या. मोठ्या घरची सून अडली की माणूस धावत यायचा, कंदील धरून पुढे चालायचा आणि वाड्याला वळसा घालून परड्यातल्या दाराशी नेऊन उभं करायचा. आत बाई त्यांच्या सुनेचा जीव वाचवायच्या. बाहेर पडल्या की त्या बसल्या होत्या तिथे शिंपडायचं पाणी तयार असायचं. सांगताना बाईंचा आवाज चढत नसे. पण स्वतःचं घर घेतल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते परसाच्या भिंतीतलं, बोळात उघडणारं दार विटांनी बुजवून टाकण्याचं. "माझ्या घरी येनारं मानूस म्होरनं यील," म्हणायच्या. सांडपाण्याला वाट हवी म्हणून गवंड्याने खूप सांगून पाहिलं, तर बाईंनी पाण्यापुरतं भोक ठेवलं.

निवृत्त झाल्यावर हाती आलेलं सगळं त्यांनी याच परसात घातलं. भिंत माणसाहून उंच करून घेतली, वर आभाळ मोकळं. सिमेंटचा हौद बांधला. धुण्याचे दगड खाली न ठेवता कमरेइतक्या उंच कट्ट्यांवर बसवले, म्हणजे पोटुशी बाई आली तरी तिला वाकायला नको. एका कोपऱ्यात चूल आणि तिच्यावर लोखंडी पिंप, पाणी उकळायला. सगळ्या परसभर तारा ओढलेल्या. बाई कुणाचं धुणं धुणार नव्हत्या. ज्याचं त्याने यायचं, आपल्या हाताने धुवायचं, उकळायचं, वाळवायचं आणि घडी करून न्यायचं. पैसे नाहीत. येताना चुलीसाठी एक लाकूड आणायचं, बस्स. शहरात आता ज्याला सेल्फ सर्व्हिस म्हणतात, ते भोरात बाईंनी कधीच काढलं होतं.

नदी उशाला असताना हे कशाला, असं सगळं गाव विचारत होतं. कशाला ते सांगते, कारण बाई असत्या तर त्यांनी पहिल्याच ओळीत सांगून टाकलं असतं. महिन्याच्या पाळीच्या कापडांसाठी. लुगडी, धोतरं, गोधड्या बायका नदीवर बिनधास्त बडवत. ही कापडं मात्र भल्या पहाटे, कुणी नसताना, गार पाण्यातून कशीबशी काढायची आणि गोठ्यात सरपणामागे नाहीतर ओल्या परकराखाली दडवून वाळवायची. ती वाळत नसत. ऊन त्यांना कधी दिसत नसे. तीच दमट कापडं पुढच्या महिन्यात परत. ओटीपोटात कळा, ताप, अंगावरून जाणं, हे घेऊन बायका दवाखान्यात यायच्या, औषधाने बऱ्या व्हायच्या आणि परत त्याच कापडांकडे जायच्या. बाईंनी हे सगळं नोकरीभर पाहिलं होतं. औषध सरकार देतं, ऊन कोण देणार, असं म्हणायच्या.

उद्घाटनाचा फज्जा उडाला. पिंप आणलं होतं रस्त्याच्या कंत्राटदाराकडून, डांबराचं. बाईंनी ते आतून जाळलं, घासलं, पुन्हा जाळलं. पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही, म्हणून त्यांनी आपल्या सगळ्या पांढऱ्या साड्या त्यात उकळायला टाकल्या. निघाल्या त्या काळ्या ठिपक्यांच्या. मला हसू आवरेना. बाईंनी साडी उजेडात धरून नीट पाहिली आणि म्हणाल्या, नक्षी बरी आली आहे. ठिपके कशाने गेले नाहीत. पुढे मी भोरला होते तोवर बाई त्याच साड्या नेसत होत्या, आणि लांबून येताना ओळखू यायच्या.

पिंप बदललं, तरी बायका येईनात. पहिल्यांदा आली ती भाटघर धरणाच्या बाजूची, एका शेतकऱ्याची सून. तिचं सारखं दुखायचं, म्हणून ती आधीपासून दवाखान्यात बाईंच्या हाताखालून गेलेली. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. बारीक अंगाची, हसरी, बोलताना पदराचं टोक चावायची. बाजारच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन सासूबरोबर भोरला यायची आणि सासू गिऱ्हाइकांत गुंतली की तेवढ्यात पळत बाईंकडे. तिने तो कट्टा पाहिला, तारा पाहिल्या, वर आभाळाकडे पाहिलं. तिला जागा आवडली होती. पण धुऊन वाळेपर्यंत दुपार जाणार. बगलेत गठडी, डोक्यावर लाकूड, एवढा वेळ कुठे निघालीस म्हणून घरात विचारलं तर काय सांगायचं? नर्सबाईकडे जाते म्हटलं तर लोक दोनच अर्थ काढत, आणि दोन्ही वाईट.

"बाई, ह्या जागंला एक नाव द्या," ती म्हणाली. "मामंजींपुढं सांगता यील आसं."

बाईंना ते पटलं. पेंटरला बोलावून त्यांनी पत्र्याची पाटी करून घेतली. पेंटर गावातलाच, गप्पिष्ट. त्याला कपडे धुण्याची जागा एवढंच सांगितलेलं. त्याने निळी जमीन रंगवून ठेवली आणि नावाची वाट बघत बसला. बाईंच्या मनातलं नाव तयार होतं. ते ऐकून सून दोन्ही हातांनी तोंड झाकून भिंतीकडे वळली. ते मीही इथे लिहीत नाही. त्यात सगळं स्पष्ट होतं.

मग पुढच्या बाजारी आम्ही नावांची परीक्षाच घेतली. मी पेंटरची टोपी मागून आणली, डोक्यावर घातली, पायावर पाय टाकून सासरा झाले आणि खोकले. सूनबाई पदर सावरून समोर उभी. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी सुचवलं होतं, सेल्फ सर्व्हिस लाँड्री. तिने ते तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा निराळं आलं आणि शेवटी ती हसायलाच लागली. मी सासऱ्याच्या आवाजात विचारलं, घरामागून नदी वाहतीय ती काय आटली? ती पदराचं टोक चावायला लागली. महिला स्वच्छता केंद्र हे माझं नाव. केंद्र ऐकताच तिचा चेहरा उतरला. तेव्हा गावोगाव कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचे कँप लागत होते, आणि नर्स, केंद्र आणि सून एका वाक्यात आली की घरात रडारड. पेंटर बाहेरून ओरडला की देवीचं नाव घाला, कुणी काही म्हणणार नाही. असल्या कापडांना देवीचं नाव म्हटल्यावर सुनेने कानांवर हात ठेवले. बाईंच्या वस्तीतल्या पोरांनी एक थोर नाव सुचवलं होतं. बाई म्हणाल्या, त्या नावाखाली शाळा काढा, मी पहिला दगड वाहीन, पण हे नाही.

शेवटी सुनेनेच हळूच सांगितलं की शिवणाचा क्लास असं लिहा. शिवण शिकायला जाते म्हटलं तर घरात खूश होतील. मला ते फार आवडलं. शिवणाला लाकूड कशाला लागतं एवढीच अडचण होती, ती काढता आली असती. पण बाईंचा चेहरा बदलला. नाही म्हणाल्या. मी वाद घातला. मीही काही कमी तोंडाळ नव्हते. म्हटलं, तुम्हाला पाटी हवी की बायका हव्यात? बाई म्हणाल्या, "खोटं नाव म्हंजे मागलं दारच की मास्तरीणबाई. म्या ते बुजवलंय." मी डोक्यावरची टोपी पेंटरला परत दिली. निळी पाटी कोरीच भिंतीला टेकून राहिली आणि पेंटर रोज जाता येता नाव झालं का म्हणून विचारत राहिला.

त्यानंतर ती सून यायची थांबली. दोन बाजार गेले, तिसऱ्या बाजारी सासू एकटीच भाजी विकत बसलेली दिसली. मी मेथी घेण्याच्या निमित्ताने चौकशी केली. सून अंथरुणाला होती. परत तेच दुखणं. आणि मेथीची जुडी बांधता बांधता सासूने सहज सांगावं तसं सांगितलं की पोरासाठी दुसरीकडे बघतोय, हिच्या अंगात काही दम नाही. मी घरी येऊन बाईंना हे सांगितलं. बाईंनी चुलीवरचं पाणी उतरवलं, छत्री घेतली आणि पायात चपला घातल्या. मला म्हणाल्या, चला.

एसटीने भाटघर, तिथून पायी. बाई छत्री टेकत पुढे चालल्या होत्या. मला मात्र त्या काय बोलणार याची धास्ती होती. ज्या बाईने भर शाळेत मुलींना सगळं नाव घेऊन सांगितलं, ती आज त्या घराच्या अंगणात तेच सांगणार, आणि मग त्या पोरीला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तिथून तिला माहेरीच धाडतील. मी दोनदा त्यांना म्हटलं, जरा सांभाळून. बाईंनी ऐकलं की नाही कळलं नाही.

घर मोठं, पुढे सारवलेलं अंगण. बाई सरळ पुढच्या दाराकडे गेल्या. ओट्यावर सासरा घायपाताचा दोर वळत बसला होता. उंच, वाळलेला म्हातारा, कानाने थोडा जड. बाई ओट्याशी गेल्या, वाकल्या आणि त्याचा डोळा ओढून पाहिला. मी डोळे मिटून घेतले. म्हाताऱ्याने दोर तसाच हातात धरून ठेवला होता. बाई म्हणाल्या, बरा आहे. मग त्याने आम्हाला बसायला घोंगडी टाकली.

दाराच्या आड सून उभी होती. तापाने चेहरा सुकलेला. तिने बाईंकडे पाहिलं, आणि ते पाहणं मी विसरले नाही. ती हात जोडत नव्हती की काही नाही, नुसती बघत होती. बाईंनी तोंड उघडलं, मिटलं. मी त्यांना शब्दासाठी अडलेलं पहिल्यांदा पाहत होते.

"आण्णा," शेवटी बाई म्हणाल्या, "तुमच्या सुनंच्या कापडांना ऊन मिळत न्हाई. त्यानं ती आजारी पडती."

म्हातारा अंगणाकडे बघू लागला. अंगणात ऊन नुसतं सांडलं होतं. "हितं ऊन न्हाई व्हय?" त्याने विचारलं.

"हाय. पन तिला ते घेता येत न्हाई."

म्हाताऱ्याची मान खाली गेली. तो दोर वळायला लागला. मग खाली बघूनच त्याने विचारलं की तुमच्याकडे आहे का. बाई म्हणाल्या, आहे, भिंत उंच आहे, दुपारभर लागतं. "बरं," म्हातारा म्हणाला. एवढंच. सासूने चहा आणला, तो आम्ही प्यालो आणि निघालो.

परतीच्या वाटेवर बाई भराभर चालत होत्या, मला गाठता येईना. धरणाची भिंत दिसायला लागली तिथे त्या थांबल्या. स्वतःवर इतक्या चिडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "आज म्या मागल्या दारानं गेले. नाव घेतलं न्हाई. ऊन म्हनं, ऊन." मी म्हटलं, तुम्ही त्या पोरीला वाचवलंत. त्यांना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, म्हाताऱ्याला काही कळलेलं नाही, तो पोरीला सकाळी अंगणात बसवील आणि झालं औषध असं म्हणेल. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. त्या दिवशी बाईंनी काही उकळलं नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी माझी शाळा सकाळची होती. स्टँडवर पुण्याहून यायचं वह्यांचं पार्सल घ्यायला गेले होते. भाटघरकडून गाडी आली, कोंबड्या, पाट्या, माणसं उतरली आणि सगळ्यांच्या शेवटी तो म्हातारा उतरला. खांद्यावर बाभळीचं चांगलं मांडीएवढं लाकूड. मागे सून, काखेत गठडी, पदर कपाळाच्या खाली ओढलेला. अजून थोडी थकलेलीच, पण चालत होती. त्यांच्याच गावचा एक जण पानाच्या ठेल्याशी उभा होता. त्याने हाक मारून विचारलं की आण्णा, सुनेला घेऊन कुणीकडे, आणि हे लाकूड कुणासाठी? स्टँडवर बाजाराची गर्दी. सून जागच्या जागी थिजली. याच प्रश्नापाशी आमची सगळी नावं पडली होती.

म्हातारा कानाने जड, म्हणून बोलायचाही मोठ्याने. "बाईंच्या उन्हात," तो म्हणाला.

"कसलं ऊन?"

"ऊन ठावं न्हाई व्हय? ऊन." आणि म्हातारा लाकूड सावरून पुढे चालायला लागला. त्या माणसाने मान हलवली आणि पानाला चुना लावला. विचारण्यासारखं पुढे काही उरलंच नव्हतं.

मी पार्सल तिथेच ठेवून त्यांच्या मागे गेले. पेंटर नेहमीप्रमाणे बाईंच्या दारासमोर रेंगाळत होता, त्याला मी तिथल्या तिथे नाव सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते पाटीवर चढलं, "बाईंचं ऊन", पिवळ्या अक्षरांत. बाई आधी नाक मुरडत होत्या की हे पण झाकूनच सांगणं झालं. मग एक दिवस पाटीखाली उभं राहून त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या की खोटं तर त्यात काही नाही. परगावचे लोक तिथे पापड मिळतात का म्हणून विचारायचे. बायकांना विचारावं लागत नसे. उन्हात जाऊन येते, एवढं घरात सांगायचं आणि लाकूड उचलायचं. भाटघरच्या त्या घरात दुसऱ्या सोयरिकीचं बोलणं त्यानंतर कुणी काढलं नाही, हेही सांगून टाकते. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी म्हाताऱ्याने लाकूड उंबऱ्याशी ठेवलं आणि सुनेला म्हणाला, जा आत. ती पुढच्या दाराने, बाहेरच्या खोलीतून, तसबिरीपुढून परसात गेली. बाई तिला गार पाणी आधी, गरम मग, असं सांगत होत्या, ते बाहेर ऐकू येत होतं. म्हाताऱ्याने पिण्याचं पाणी मागितलं. बाईंनी बाहेर येऊन तांब्या दिला. तो प्याला, तोंड पुसलं, तांब्या परत दिला. मग दाराकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून, तो पायरीवर बसला.

बाई त्याला म्हणाल्या की दुपारभर लागेल, बाजार करून या, पोरीला मी नीट बसवीन. इथे पायरीवर बसून काय करणार?

"बाजार कुठं पळून जातोय," म्हातारा म्हणाला. "तिला कुनी इचारलंच, तर सांगाया म्या हाय."

बाई तांब्या हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या आणि रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढं एकदाच. म्हाताऱ्याची पाठ होती, त्याला दिसलं नाही. त्याने कमरेची चंची सोडली आणि तंबाखू मळायला घेतली. रस्त्याने बाजारची माणसं जात होती, त्याला रामराम करत होती आणि तो त्यांना रामराम करत होता. आत, भर दुपारी, तारेवर पहिलं कापड वाळत पडलं.